परदेशातील स्वयंसेवेसाठी महाविद्यालयातून विद्यार्थी निवडायचे आहेत, मार्गदर्शन हवे

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि गेली सहा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. आमच्या एककात १०० स्वयंसेवक आहेत. बहुतेक मुले-मुली शेतकरी कुटुंबांतील असून पदवीपर्यंत पोहोचलेली त्यांच्या घरातली ही पहिलीच पिढी आहे. दोन वर्षांत २४० तास भरायचे म्हणून काही जण नाव घालतात हे खरे. पण श्रमसंस्कार शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालताना, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून त्यांची तोंडे शिवताना याच मुलांचे हात कसे चालतात, ते मी दर हिवाळ्यात पाहतो.

गेल्या महिन्यात एका खासगी संस्थेचे प्रतिनिधी आमच्या प्राचार्यांना भेटून गेले. आग्नेय आशियातील एका देशात दोन आठवडे राहून तेथील अनाथाश्रमातील मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्याबद्दल ‘आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक’ असे प्रमाणपत्र मिळवायचे आणि त्यासाठी विमानभाडे सोडून प्रत्येकी १ लाख ४० हजार रुपये भरायचे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. दर विद्यार्थ्यामागे महाविद्यालयाला ‘समन्वय शुल्क’ मिळेल, असेही त्यांनी सुचवले. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला गुण असल्यामुळे प्राचार्यांना हा उपक्रम पसंत पडला असून, २० विद्यार्थ्यांची यादी मी महिनाअखेर द्यावी, अशी त्यांची अपेक्षा आहे.

मी वर्गात ही गोष्ट नुसती कानावर घातली होती. दुसऱ्याच दिवशी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन थांबली. तिच्या घरी दीड एकर ऊस आहे. “सर, सोसायटीचं कर्ज भरायचं थांबवून आधी हे पैसे भरले तर चालेल का, असं बाबा विचारत आहेत,” असे ती म्हणाली. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. आमच्या मुलांनी जग पाहावे आणि परक्या देशात जाऊन काम करण्याची संधी फक्त मोठ्या शहरांतील मुलांची नसावी, असे मला मनापासून वाटते. पण ज्या गोष्टीची मला स्वतःलाच खात्री नाही, तिच्यासाठी मी मुलांची नावे कशी द्यावीत? पदवीच्या विद्यार्थ्यांना परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्याचे विश्वासार्ह मार्ग कोणते, त्यांची निवड कोणत्या कसोटीवर करावी आणि निवडीपूर्वी त्यांना काय काय सांगितले पाहिजे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : टँकरची रांग

सर, मी संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक म्हणून युगांडातील एका निर्वासित वसाहतीत काम केले आहे, त्यामुळे त्या मार्गाबद्दल थोडे खात्रीने लिहू शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली हा स्वयंसेवक कार्यक्रम सुरू केला आणि त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. अर्ज करताना, निवड होताना किंवा रुजू होताना तेथे एक रुपयाही भरावा लागत नाही. उलट, परदेशी नेमणूक झालेल्या स्वयंसेवकाला दरमहा निर्वाहभत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांचे नाव पुढे करून कोणी नोंदणी शुल्क मागू लागला, तर तेथेच बोलणे थांबवावे. मात्र मुलांना खोटी आशाही दाखवू नये. तरुण स्वयंसेवकांचा गट १८ ते २६ वर्षांचा असला, तरी त्यांतल्या पुष्कळ परदेशी जागांचा खर्च एखादे सरकार आपल्याच नागरिकांसाठी उचलत असते आणि त्या जागांवर आपल्याला अर्ज करता येत नाही. उरलेल्या जागांसाठी स्पर्धा मोठी असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला त्यातून लगेच परदेशी जाता येईल असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तिला आज करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे ऑनलाइन स्वयंसेवा. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही त्याच कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून घरबसल्या काम घेता येते. आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एका कामाला जास्तीत जास्त १२ आठवडे, अशी त्याची मर्यादा आहे. भाषांतर, माहितीचे तक्ते लावणे, पत्रकांची मांडणी अशी ती कामे असतात. परक्या माणसाबरोबर ठरलेल्या वेळी ठरलेले काम देण्याची सवय लागते आणि पुढच्या अर्जात ती दिसते.

निवडीच्या कसोटीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. मुलाखतीत माझ्या इंग्रजीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पदवीनंतर मी दोन वर्षे मराठवाड्यात गावोगावच्या पाण्याच्या नोंदी ठेवण्याचे काम केले होते. पाऊण तास प्रश्न विचारले गेले ते त्याच कामावर. वसाहतीत पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी नळापाशी वीस-वीस लिटरच्या पिवळ्या कॅनची लांबच लांब रांग दिसली. माणसे जवळपास नव्हती, नुसते कॅन उभे होते. माझ्याबरोबर युरोपातून आलेल्या सहकाऱ्याला वाटले की, ते टाकून दिलेले आहेत. मला मात्र ती रांग वाचता येत होती. कोणाचा कॅन कोणत्या झाडापर्यंत आला आहे, कोणत्या बाईने शेजारणीवर भरवसा ठेवून घरचे काम उरकायला धाव घेतली आहे, हे टँकरच्या गावात वाढलेल्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. नोंदवहीत ‘सकाळी सातला रांगेत माणसे नाहीत’ असे लिहिले गेले असते, तर पाण्याच्या वेळा चुकीच्या ठरल्या असत्या. तुमच्या एककातील मुलांकडे अशी जाण आहे. निवड करताना ती शोधा.

प्रतिसाद २ : बालहक्क कार्यकर्ती

कृष्णाकाठ सर, अनाथाश्रमात इंग्रजी शिकवण्याच्या प्रस्तावाला कृपया स्पष्ट नकार द्या. हे मी अतिशय विचारपूर्वक लिहीत आहे.

तुमच्याच तालुक्यातील एखाद्या बालगृहाचा विचार करा. कोणतीही पडताळणी न झालेल्या, मुलांची भाषा न येणाऱ्या २० परदेशी तरुणांना दोन आठवडे मुलांमध्ये राहू द्या, असा अर्ज आला, तर बालकल्याण समिती त्याला परवानगी देईल का? आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार अशा संस्थांना नोंदणी सक्तीची आहे आणि तेथे कोण येते-जाते याची जबाबदारी संस्थेवर असते. जी गोष्ट आपण आपल्या मुलांसाठी चालू देणार नाही, ती दुसऱ्या देशातील मुलांसाठी सेवा कशी ठरेल?

कंबोडियात काय घडले ते पाहा. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तेथील अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशातील अनाथ मुले काही तेवढी वाढली नव्हती. युनिसेफच्या सांगण्यानुसार या आश्रमांतील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांची आई किंवा वडील हयात होते. पैसे भरणारे पाहुणे आणि स्वयंसेवक येत राहिले, म्हणून आश्रम उघडत राहिले, आणि आश्रम भरायचे म्हणून गरीब घरांतील मुले शिक्षणाच्या आमिषाने आणली गेली. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर हीच भीती निर्माण झाली, तेव्हा आईवडील किंवा मान्य पालक बरोबर नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यास तेथील सरकारने मनाई केली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आश्रम भरण्यासाठी मुले आणण्याच्या या प्रकाराला आधुनिक गुलामगिरीत गणावे अशी शिफारस केली, आणि डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतील स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या हानीची दखल घेतली.

मी स्वतः वयाच्या २१व्या वर्षी अशाच एका संस्थेत तीन आठवडे राहून आले आहे. मनात भलेच करण्याचा हेतू होता. एका आठ वर्षांच्या मुलाची वही मी चाळली, तेव्हा पहिल्या पानावर इंग्रजी मुळाक्षरे होती, सात-आठ पाने उलटल्यावर पुन्हा तीच, आणि पुढेही तीच, दर वेळी निराळ्या हस्ताक्षरातील शेऱ्यासह. आमच्यासारखी प्रत्येक तुकडी त्याला पहिल्यापासून शिकवत होती. निघताना तो माझ्याजवळ रडला नाही. पुढच्या तुकडीची गाडी आली का, हे पाहायला तो फाटकाकडे गेला. तेव्हापासून मी याच क्षेत्रात काम करते आहे.

प्रतिसाद ३ : एक पालक

महोदय, माझ्या मुलाच्या महाविद्यालयातही अशाच एका संस्थेचे व्याख्यान झाले होते. आम्ही ५० हजार रुपये आगाऊ भरले. नंतर व्हिसा पर्यटकाचा काढायचा आणि विमानतळावर ‘फिरायला आलो आहे’ असे सांगायचे, अशी सूचना आली, तेव्हा आम्ही माघार घेतली. पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. महाविद्यालयाने ‘आम्ही फक्त सभागृह दिले होते’ असे सांगितले. आम्ही मात्र प्राध्यापकांच्या शब्दावर पैसे भरले होते. आपण विचारता आहात याचेच मला समाधान वाटते.

प्रतिसाद ४ : वरोरेकर

वरील तिन्ही प्रतिसाद मला मान्य आहेत, तरी त्यातून ‘परदेशी स्वयंसेवा म्हणजे फसवणूक’ असा निष्कर्ष निघू नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

मी वरोऱ्याचा आहे. आनंदवनाच्या सुरुवातीच्या वर्षांत, कुष्ठरुग्णांच्या वाऱ्यालाही लोक उभे राहत नसत त्या काळात, ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे परदेशी तरुण तेथे येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने इमारती उभारल्या. त्यांनी बाबा आमट्यांना काही शिकवले नाही. विटा वाहिल्या, चुना कालवला आणि रुग्णांनी पिकवलेले अन्न खाल्ले. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत की, ते पाहिल्यावर गावातील लोकांच्या मनातील भीती ओसरू लागली. या संघटनेची सुरुवातच अशी होती. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्याची पुनर्बांधणी करण्यासाठी पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने निरनिराळ्या देशांतील माणसे गोळा केली, आणि त्यांत कालपर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. १९३४च्या बिहारमधील भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तेथे कामाला आले होते.

या संघटनेची श्रमशिबिरे आजही अनेक देशांत भरतात. ती साधारणपणे दोन-तीन आठवड्यांची असतात. राहणे आणि जेवण यजमान गट पाहतो, प्रवासखर्च आणि थोडे सहभाग शुल्क स्वतःचे असते. म्हणजे तेही फुकट नाही, पण पैसा कशावर खर्च होतो हे डोळ्यांना दिसते, आणि काम असे असते की, ते नवख्याच्या हातून झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. तुमच्या वनराई बंधाऱ्यावरच्या मुलांना ते अवघड जाणार नाही.

मुदतीबद्दलही बोलले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९६० रोजी पहाटे दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठात जमलेल्या विद्यार्थ्यांना, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे तेव्हाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी विचारले होते की, तुमच्यापैकी किती जण डॉक्टर होऊन घानामध्ये दिवस काढायला तयार आहात. त्यातून पुढच्याच वर्षी उभ्या राहिलेल्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संघटनेमध्ये सेवा दोन वर्षांची ठरली, आणि त्याआधी सुमारे तीन महिने भाषेचे व कामाचे शिक्षण घ्यावे लागे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर त्यातूनच १९६६ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आपल्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि तेथील दवाखान्यात त्यांनी परिचारिकेचे काम केले. त्या मुळात प्रशिक्षित परिचारिका होत्या. दोन आठवड्यांत इंग्रजी शिकवून येण्याची कल्पना या परंपरेत कोठे बसते, याचा विचार तुमच्या प्राचार्यांपुढे अवश्य मांडावा.

प्रतिसाद ५ : पूर्वी भरती करणारी

मी विद्यार्थिदशेत एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेच्या स्थानिक शाखेत नेमके हेच काम केले आहे. महाविद्यालयांत जाऊन माहितीसत्रे घ्यायची आणि मुलांना सहा-आठ आठवड्यांच्या प्रकल्पांवर पाठवायचे. आमच्यापुढे दर सत्राला आकडा ठेवलेला असे, आणि आकडा समोर असला की, माणूस गोड तेवढेच बोलतो हे मी स्वतःवरून सांगते. सूर्यास्ताची छायाचित्रे पहिल्या पाचच मिनिटांत दाखवली जात. खर्चाचा तपशील शेवटी, मुले उठू लागल्यावर यायचा. एका मुलीला तेथे पोहोचल्यावर समजले की, जिच्यासाठी तिची निवड झाली ती शाळा त्या आठवड्यांत सुट्टीमुळे बंदच होती. त्या शाळेला आम्ही कधी फोनही केला नव्हता. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पुढच्या वर्षी मी क्रम उलटा केला. आधी यजमान संस्थेशी थेट बोलायचे, तुम्हाला कोणत्या कामासाठी, किती दिवसांसाठी, कोणती माणसे हवी आहेत हे त्यांच्याकडून लेखी घ्यायचे, आणि त्यांनी मागितल्याशिवाय इकडे एकही नाव नोंदवायचे नाही. माहितीसत्राच्या पहिल्याच फलकावर एकूण खर्च लिहिला : विमानभाडे, व्हिसा, विमा, तेथील जेवण आणि परतीच्या तिकिटाची तारीख बदलावी लागली तर येणारा खर्चसुद्धा. १२० मुलांपैकी सत्र संपेपर्यंत ३० उरली. त्या तिसांतून गेलेल्या अकरांपैकी एकही मुलगा मुदतीआधी परतला नाही.

निवडीसाठी मी मुलाखतीवर फारसा भरवसा ठेवत नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेतून २००६ साली सुरू झालेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमात प्रवेशापूर्वी लांबलचक प्रश्नावली भरून द्यावी लागते. मी ती भरली होती, आणि मला हे खरोखर करायचे आहे का, याचे उत्तर मला ती भरतानाच मिळाले. तुम्हीही तसे करून पाहा. शिवाय सर, तुमच्याजवळ सात दिवसांचे शिबिर आहे. सहाव्या दिवशी, सगळे दमलेले असताना, रात्रीचे मोठे पातेले घासायला कोण उठते, गावातील म्हातारी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली तर कोण ऐकत बसते, आणि आजारी पडल्यावर कोण लपवत नाही, एवढे टिपून ठेवले तरी तुमची अर्धी निवड झाली. आजार लपवणारी मुले परदेशात फार त्रास भोगतात.

व्हिसाची बाब पालक महोदयांनी मांडली आहे ती गंभीर आहे. विनामोबदला काम हेसुद्धा पुष्कळ देशांत काम समजले जाते. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, त्याहून अधिक नाही; दुसरीकडे नियम आणखी कडक असू शकतात. जो देश असेल त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरील नियम स्वतः वाचावा, मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रावर घ्यावी लागते. लस घेतल्याच्या प्रमाणपत्राचे पिवळे कार्ड जवळ नसेल, तर तेथून भारतात परतल्यावरही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बालहक्क कार्यकर्ती ताईंचा प्रतिसाद मी छापून प्राचार्यांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ‘तुमच्याच तालुक्यातील एखाद्या बालगृहाचा विचार करा’ या वाक्याखाली पेनने रेघ ओढली. त्या संस्थेला सभागृह न देण्याचे ठरले आहे. समन्वय शुल्काचा प्रश्नही त्यामुळे उरला नाही.

महिनाअखेरची वीस नावांची यादी मी देणार नाही. त्याऐवजी तीन गोष्टी मान्य करून घेतल्या आहेत. या सत्रात चार विद्यार्थी ऑनलाइन स्वयंसेवेसाठी नोंदणी करतील, आणि संध्याकाळी सहानंतर संगणक प्रयोगशाळा त्यांच्यासाठी उघडी राहील, कारण त्यांपैकी दोघांच्या घरी संगणक नाही. श्रमशिबिरासाठी वरोरेकर यांनी सांगितलेल्या संघटनेच्या भारतीय शाखेला पत्र लिहिले आहे. त्यात आम्ही कोणाला पाठवू शकतो हे लिहिले नाही. आमच्या मुलांचा कोणाला उपयोग आहे का, एवढेच विचारले आहे. माजी विद्यार्थ्यांकडून एका विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाएवढी रक्कम उभी राहीपर्यंत कोणाचीही परदेशासाठी निवड करायची नाही, कारण ज्याच्या घरी पैसे आहेत तोच जाणार असेल तर माझ्या मूळ इच्छेला काही अर्थ उरत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी रविवारी घरी जाऊन भेटलो. सोसायटीचे कर्ज आधी फेडा, एवढेच सांगितले. ती ऑनलाइन स्वयंसेवेच्या चौघांमध्ये आहे आणि तिने पाण्याच्या नोंदींच्या कामासाठी अर्ज केला आहे. ‘टँकरची रांग’ ताईंना विनंती आहे की, माहितीचे तक्ते कसे लावायचे यावर शक्य असल्यास या चौघांशी एकदा तासभर बोलावे. शनिवारी दुपारी त्यांचे तास नसतात.

प्रतिसाद ६ : टँकरची रांग

सर, येत्या शनिवारी तीन वाजता मी मोकळी आहे. मुलांना आधी एक काम सांगून ठेवा. आपापल्या गावातील एका सार्वजनिक नळावर किंवा हातपंपावर सकाळी तासभर थांबून, कोण आले, किती भांडी भरली आणि कोण न भरता परत गेले, एवढे वहीत टिपून आणावे. तक्ता आपण त्याच नोंदींवरून लावू.